व्हिएन्नाला पत्र नको, आधी जहाजाच्या यादीचं दुसरं पान उघडा

पिट्सबर्गहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात इथे देते. ताई मूळच्या कोल्हापूरच्या, लग्नाला बावीस वर्षं झाली, नवरा तिकडचाच. सासरे 81 वर्षांचे, तब्येत आता नाजूक. त्यांना एकच ध्यास लागलाय, आपल्या आजोबांच्या जन्माची नोंद डोळ्यांनी बघायची. आजोबा 1909 मध्ये जहाजाने न्यूयॉर्कला उतरले, मग पिट्सबर्गला स्टील मिलमध्ये लागले. थडग्यावर नाव आल्बर्ट, जन्म 1886. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर देश लिहिलाय ऑस्ट्रिया. गावाचं नाव आजोबा ‘डोम्ब्रोव्हा’ सांगायचे. घरात सगळ्यांची समजूत अशी की आपलं नाव एलिस आयलंडवर (जहाजाने न्यूयॉर्कला आलेल्या परदेशी लोकांची तपासणी व्हायची ते ठिकाण) बदललं गेलं. ताईंनी पैसे भरून एका साइटवर तयार वंशवृक्ष बघितला, त्यात जन्म व्हिएन्ना दाखवलाय. एक एजंट 900 डॉलर मागतोय. आणि विचारतायत की व्हिएन्नाच्या अर्काइव्हला, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या कचेरीला, पत्र लिहू का.

ताई, आधी दोन गोष्टी करू नका. एजंटला पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी, आणि व्हिएन्नाला लिहू नका. सांगते का ते.

ऑस्ट्रिया लिहिलंय म्हणजे आजचा ऑस्ट्रिया नव्हे, आणि ‘डोम्ब्रोव्हा’ हे नाव तर पोलिश वळणाचं आहे. 1909 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी हे भलंमोठं साम्राज्य होतं आणि पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया तिघांनी तो वाटून घेतलेला. ऑस्ट्रियाच्या वाट्याला 1772 पासून जो भाग आला त्याला गालिसिया म्हणायचे (स्पेनमध्येही एक गॅलिसिया आहे, सर्च करताना तिकडे भरकटू नका), तो 1918 पर्यंत त्यांच्याकडे होता, आणि आज त्याचा पश्चिमेकडचा भाग पोलंडमध्ये, पूर्वेकडचा युक्रेनमध्ये. म्हणजे पोलिश बोलणारा, पोलिश गावात जन्मलेला माणूस अमेरिकेत कागदावर ऑस्ट्रियन व्हायचा. आपल्याकडे नांदेड-लातूरकडच्या एखाद्या आजोबांच्या जुन्या कागदावर हैदराबाद लिहिलेलं असतं ना निजामाचं राज्य होतं म्हणून, आता ते वाचून कोणी चारमिनारच्या गल्लीत त्यांचं घर शोधायला गेलं तर सापडेल का? तसंच हे. त्या तयार वंशवृक्षात व्हिएन्ना आलं ते बहुतेक असंच, कोणीतरी ऑस्ट्रिया वाचलं, राजधानी टाकून दिली, आणि पुढच्या लोकांनी कॉपी केलं. त्याच्याखाली मूळ कागदाचा फोटो जोडलेला आहे का बघा, नसेल तर ते सोडून द्या.

दुसरं म्हणजे व्हिएन्नात काय किंवा वॉर्सात काय, सगळ्यांच्या जन्माचं एकच एक मोठं रजिस्टर कुठेच नव्हतं. नोंद व्हायची गावच्या चर्चमध्ये, पाद्रीबाबांच्या वहीत. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने 1784 मध्ये हुकूम काढला की या वह्या ठरलेल्या रकान्यांत भरायच्या आणि सरकार त्याच धरणार, म्हणजे पाद्री हाच जन्ममृत्यू निबंधक. मी नाशिकची, लहानपणी वडिलांबरोबर त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांकडे गेले होते, त्यांनी आडनाव विचारलं, मग लगेच गाव विचारलं, आणि गावाच्या नावाने वही काढली, त्यात पणजोबांची सही मोडीत. आडनावाचे लोक हजार असतात, वही गावाची असते. युरोपात पण अगदी हेच आहे. गाव कळलं, त्या गावाचं चर्च कुठलं ते कळलं, की वही सापडते, आणि हे कळल्याशिवाय 900 काय 9000 डॉलर दिले तरी माणूस अंधारातच चाचपडणार. म्हणून आत्ताचं सगळं काम अमेरिकेत आहे, तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

आता तुम्ही पत्राबरोबर पाठवलेला जहाजाच्या यादीचा, म्हणजे आजोबांच्या जहाजावरच्या प्रवाशांच्या यादीचा फोटो. तुम्ही लिहिलंय की आडनाव जुळतं पण नाव वॉयचेख आहे आणि वय 21 आहे, म्हणून हा दुसराच कोणीतरी. ताई, घाई करू नका, मला वाटतं हाच तो. तुम्हीच पत्रात खाली लिहिलंय की सासऱ्यांना आठवतं, आजी नवऱ्याला ‘वोयटेक’ म्हणून हाक मारायची. वोयटेक म्हणजे वॉयचेखचंच घरगुती नाव, जसं पांडुरंगाचं पांडू. आणि वॉयचेख हे नाव लॅटिनमध्ये लिहिताना अदाल्बेर्टुस लिहायचे, त्यावरून अमेरिकेत गेलेले कितीतरी वॉयचेख आल्बर्ट झाले, काही तर जॉर्ज झाले. म्हणजे पोलिश नाव, चर्चच्या वहीतलं लॅटिन नाव आणि थडग्यावरचं इंग्रजी नाव, माणूस तोच. आजीच्या त्या एका हाकेने अख्खं कोडं सुटतंय बघा, सासऱ्यांना सांगा की त्यांनी ती आठवण जपली म्हणून धागा मिळाला.

आणि एलिस आयलंडवर नाव बदललं हे मनातून काढून टाका, जवळजवळ प्रत्येक घरात ही गोष्ट सांगतात पण तिथले अधिकारी नावं लिहून घेतच नसत, यादी निघायच्या बंदरावरच भरलेली असायची, ब्रेमेनला किंवा हॅम्बुर्गला किंवा जिथून बसले तिथे, आणि उतरल्यावर फक्त त्या यादीवरून माणूस पडताळून बघायचे. नाव लोकांनी स्वतःच नंतर बदललं, मिलमध्ये फोरमनला म्हणता येईना म्हणून, मुलं शाळेत जायला लागली म्हणून. याचा फायदा असा की यादीत खरं नाव मिळतं, म्हणून शोधताना आल्बर्ट नाही तर वॉयचेख टाकायचं.

वयाचं पण तेच. थडग्यावर 1886, यादीप्रमाणे 1888, याने घाबरू नका. आपल्याकडे एका पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला का असतो? शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिला म्हणून. तिकडेही वय अंदाजे सांगितलं जायचं, थडग्यावरचं तर मुलांनी आठवून घातलेलं. दोनतीन वर्षं मागेपुढे धरूनच शोधा. एक मजेशीर धागा देते, पोलंडमध्ये ज्या संताचा सण जवळ असेल त्याचं नाव मुलाला ठेवायची रीत होती आणि संत वॉयचेखचा दिवस 23 एप्रिल, त्यामुळे वहीत आधी मार्च-एप्रिलची पानं चाळा, नेहमी जमेलच असं नाही पण बरेचदा जमतं.

आता मुख्य. तुम्ही यादीचं डावीकडचंच पान पाठवलंय. 1907 पासून या याद्या दोन पानांच्या असायच्या, एकच ओळ डावीकडून उजव्या पानावर चालू राहते, आणि साइटवर स्कॅन वेगवेगळे असल्याने लोक पहिलं पान बघून थांबतात. पुढचा बाण दाबा आणि ओळीचा नंबर तोच ठेवून उजवीकडे वाचत जा. खिशात किती डॉलर होते, तिकिटाचे पैसे कोणी भरले, कोणाकडे चाललाय त्याचं नाव पत्ता, उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, आणि सगळ्यात शेवटी अगदी काठाला जन्मस्थान, देश आणि गाव. हे पान मिळालं की सासऱ्यांना आधी डोळ्यांचा रंग वाचून दाखवा. आजोबांच्या मांडीवर बसलेला माणूस आहे तो, त्यांना लगेच कळेल हा आपला का दुसऱ्याचा.

आणि ‘कोणाकडे चाललाय’ हा रकाना नीट लिहून घ्या, मेहुणा असेल, चुलतभाऊ असेल, नुसता मित्र असेल. आपले कोकणातले लोक गिरणीत कामाला मुंबईला यायचे ते कुठे उतरायचे? लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीवर. एकेका खोलीत एकाच गावचे वीस वीस जण. पिट्सबर्गच्या मिलमध्ये पण असंच, पुढे गेलेला मागच्याला बोलावून घ्यायचा. त्यामुळे तुमच्या वॉयचेखच्या कागदावर गाव नीट लागलं नाही तरी त्या मेहुण्याच्या कागदावर लागू शकतं, त्याचे कागद पण शोधा, लोक हे करत नाहीत आणि अडून बसतात.

डाव्या पानावर तुम्हाला ‘डोम्ब्रोव्हा’ आणि वडील ‘यान’ असं दिसतंय, छान, पण डोम्ब्रोव्हा या नावावर लगेच उडी मारू नका. खरा शब्द दोंब्रोव्हा, अर्थ साधारण ओकच्या झाडांची राई, आणि पोलंडमध्ये या नावाची गावं ढिगाने आहेत, आपल्याकडे पिंपळगाव आणि वडगाव आहेत तशी. त्यात परत आपल्या बुद्रुक-खुर्दसारखं त्यांचं व्हिएल्का आणि माला, म्हणजे थोरलं आणि धाकटं, गुर्ना आणि दोल्ना म्हणजे वरचं आणि खालचं. शिवाय गालिसियात तार्नुफ शहराच्या उत्तरेला एक दोंब्रोव्हा आहे, आता त्याला दोंब्रोव्हा तार्नोव्स्का म्हणतात, ते तालुक्यासारखं ठिकाण होतं. परक्या माणसाला आपण काय सांगतो? गाव असतं तासगावजवळचं एखादं वस्तीएवढं, पण सांगतो ‘सांगलीचा’. आजोबांनी पण तालुकाच सांगितला असायची खूप शक्यता आहे. मी एकदा मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी ‘वोला’ नावाचं गाव धरून बसले, दीड वर्षं एका वहीची पानं चाळत होते, सगळं वाया, खरं वोला पन्नासेक किलोमीटर पलीकडे निघालं. ते दीड वर्ष मला आजही बोचतं कारण तेवढ्यात त्या घरातल्या आजी गेल्या. म्हणून कळकळीने सांगते, गावाला दोन वेगवेगळे कागद साक्षीला आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ते कागद कुठले? घरात जे नागरिकत्वाचं सर्टिफिकेट आहे त्यात फारसं काही नसतं, पण ते मिळवण्यासाठी कोर्टात जे अर्ज केले त्यात असतं, सप्टेंबर 1906 नंतरच्या अर्जात जन्मतारीख, जन्मगाव, जहाजाचं नाव सगळं विचारलेलं आहे. सर्टिफिकेटवर कोर्टाचं नाव आणि नंबर असेल, त्यावरून नॅशनल अर्काइव्हजकडे किंवा त्या कोर्टाकडे कॉपी मागा. बरेचसे फॅमिलीसर्च या साइटवर फुकट स्कॅन आहेत, ही साइट मॉर्मन चर्चची, पैसे पडत नाहीत, फक्त अकाउंट काढायचं. तिथेच सैन्यभरतीची कार्डं बघा. 5 जून 1917 ला पहिल्या महायुद्धाची जी नोंदणी झाली त्यात 21 ते 30 वयाच्या सगळ्या पुरुषांना, नागरिक असोत नसोत, कार्ड भरावं लागलं आणि त्यात जन्मगाव विचारलं होतं, यादीतलं वय धरलं तर तुमचे आजोबा त्या वयात बसतात. 1942 मध्ये परत म्हाताऱ्या पुरुषांची नोंदणी झाली त्यातही जन्मस्थान आहे. आणि सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनचा मूळ अर्ज, 1936 च्या शेवटी सुरू झालेला, त्यात आईचं माहेरचं आडनाव लिहावं लागायचं, हे सोनं आहे, कारण वहीत एका आडनावाचे चार यान निघाले तर आईवरूनच ठरतं कोण आपला.

सगळ्यात भरवशाचा कागद मात्र लग्नाचा, चर्चमधला, कोर्टातला नव्हे. पिट्सबर्गला पोलिश हिल ही पोलिश लोकांची वस्ती तुम्ही बघितलीच असेल, तिथल्यासारख्या पोलिश चर्चमधले पाद्री स्वतः पोलिश, त्यांना गावांची नावं नीट लिहिता यायची आणि ते वरावधूचं जन्मगाव लिहायचे. आजोबा-आजीचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते सासऱ्यांना विचारा, नाहीतर मोठ्या मुलाचा बाप्तिस्मा कुठे झाला ते. आणि घरातली पेटी एकदा सगळी उघडा, जुनं प्रार्थनेचं पुस्तक, त्यातली कार्डं, पोलंडहून आलेल्या पाकिटावरचा शिक्का. पाकिटं फेकू नका, पत्रापेक्षा पाकीट महत्त्वाचं.

गाव पक्कं झालं की मग चर्च. प्रत्येक गावात चर्च नव्हतं, चारसहा गावं मिळून एक, आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखं. 1880 ते 1902 या काळात छापलेला पोलिश गावांचा एक मोठा भौगोलिक कोश आहे, ऑनलाइन फुकट आहे, त्यात गावाचं नाव टाकलं की कुठल्या चर्चखाली ते, किती घरं, सगळं मिळतं. त्यानंतर तीन ठिकाणी बघायचं. एक फॅमिलीसर्च, तार्नुफकडच्या कॅथलिक चर्चच्या पुष्कळ वह्या तिथे आहेत, पण त्यांच्या सर्चच्या डब्यात नाव टाकून ‘नाही सापडलं’ म्हणून सोडू नका, कॅटलॉगमध्ये गाव टाकून वहीची पानं स्वतः उलटावी लागतात, आणि काही फिल्म, म्हणजे वह्यांचे फोटो, घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरवर किंवा त्यांच्याशी जोडलेल्या लायब्ररीत जावं लागतं. दोन, पोलंडच्या सरकारी अर्काइव्हजची स्कॅनची साइट, नाव ‘शुकाय व आर्खिवाख’, अर्थ अर्काइव्हजमध्ये शोधा. तीन, गेनेटेका, पोलिश लोकांनी हौसेने, पदरमोड करून वह्यांमधली नावं टाइप करून बनवलेली सूची, रोज वाढतेय. पोलंडच्या कायद्याने जन्माच्या वह्या 100 वर्षं गावच्या नोंदणी कार्यालयात राहतात आणि मग अर्काइव्हमध्ये जातात, तुमची 1888 च्या आसपासची, म्हणजे ती मुदत कधीच उलटली. तरी काही वह्या अजून चर्चमध्ये किंवा बिशपच्या अर्काइव्हमध्ये असतात. आणि एक वही जळाली ऐकलं तर लगेच खचू नका, गालिसियात वहीची नक्कल काढून वरती पाठवायची पद्धत होती, मूळ गेली तरी नक्कल राहिलेली असू शकते.

वही लॅटिनमध्ये असेल, आणि इथे आपल्याला थोडी सोय आहे. नोमेन म्हणजे नाम, पातेर म्हणजे पितृ, मातेर म्हणजे मातृ, शाळेतलं संस्कृत आठवा. पाद्री महिने शॉर्टमध्ये लिहायचे, 7 आकडा आणि पुढे ‘ब्रिस’, लोक त्याला जुलै समजतात, तो सप्टेंबर आहे. 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश, मोजून बघा.

एक ओळ कशी वाचायची सांगते. डावीकडे दोन तारखा, वरची किंवा पहिली जन्माची आणि दुसरी बाप्तिस्म्याची, बहुतेकदा एका दिवसाचाच फरक. मग घर नंबर, हा लिहूनच ठेवा, कारण त्याच नंबरवर भावंडं सापडतात. मग नाव, अदाल्बेर्टुस. मग धर्माचा रकाना, मुलगा का मुलगी, लग्नातला का लग्नाबाहेरचा, तिथे उभ्या रेघा मारलेल्या. मग वडील, त्यांचा धंदा, आणि या काळच्या वह्यांत वडिलांचे आईवडील पण लिहिलेले सापडतात, आईचेही, म्हणजे एका ओळीत तीन पिढ्या. धंद्यात आग्रिकोला असेल तर शेतकरी, होर्तुलानुस म्हणजे अगदी थोड्या जमिनीचा, आणि इंक्विलिनुस असेल तर दुसऱ्याच्या घरात राहणारा, जमीन नसलेला. हा शेवटचा शब्द सापडला तर पोरगं 21 व्या वर्षी जहाज धरून का निघालं ते वेगळं विचारावं लागत नाही. मग साक्षीदार गॉडपेरेंट्स, बरेचदा शेजारीच. आणि सुईणीचं नाव. हो, सुईणीचंही. मला दर वेळी तिथे थांबायला होतं, सव्वाशे वर्षांपूर्वीची कुठली ती बाई, तिचं नाव पाद्रीने प्रत्येक पोराच्या ओळीत लिहून ठेवलंय.

नोंद मिळाली की अधिकृत नक्कल मागता येते, मेल पोलिशमध्ये करा, ट्रान्सलेटरवरून चालेल, वाक्यं लहान ठेवा आणि वही, वर्ष, पान, ओळ नंबर सगळं द्या. ‘आमचे पूर्वज शोधून द्या’ लिहिलं तर तासाप्रमाणे फी लावतात, ‘या पानाची कॉपी द्या’ लिहिलं तर काम पटकन होतं. माणूस लावायचाच झाला तर तेव्हा लावा, तिथलाच लावा, गाव हातात असताना.

गाव पूर्वेकडचं, आजच्या युक्रेनमधलं निघालं तर वह्या ल्विव्हच्या अर्काइव्हमध्ये किंवा वॉर्सात निघू शकतात, तेव्हा मला परत लिहा, तो रस्ता वेगळा आहे. त्या भागातल्या लोकांचं तर आपल्या कोल्हापूरशी नातं आहे, वळिवड्याचा पोलिश कॅम्प तुम्हाला माहीत असणारच, 1943 ते 1948 जवळपास पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली, सैबेरियातून सुटून आलेली, बायका आणि पोरंच जास्त. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं पोलंडमध्ये राहिलीच नव्हती, सोव्हिएत युनियनमध्ये गेलेली. हे सासऱ्यांना माहीत आहे का? नसेल तर सांगा, सुनेच्या माहेरी त्यांच्या लोकांची वस्ती होती म्हणून.

आणि एक विनंती, नोंद सापडेपर्यंत थांबू नका. सासऱ्यांजवळ बसून फोन रेकॉर्डिंगला लावा आणि आजोबा काय काय बोलायचे, कुठली नदी, कुठलं गाव बाजाराचं, शेजारी कोण, सगळं बोलून घ्या. बाजाराच्या गावावरूनही तालुका ठरतो. आज रात्री मात्र फक्त तो बाण दाबा, उजवं पान उघडा आणि जन्मस्थानाच्या रकान्याचा मोठा करून फोटो पाठवा. अक्षर घसरट असतं, मी लावून देते.